नाव, गाव, पत्ता

ललित देवस्थळी या माणसाला मी आजवर पाहिलेलं नाही, आणि ते त्याचं नशीब. समोर आला असता तर सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्या ज्यांच्या कानाखाली वाजवायची राहून गेली, त्या सगळ्यांच्या वाटची त्याला एकट्याला मिळाली असती. पण तो पुण्यात, मी सुरतेत, आणि आमची गाठ पडली ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर. तिथे कुणाला मारता येत नाही, नुसतं लिहिता येतं. आणि लिहून मी काय करून ठेवलं, ते सांगायचंय.

मी उज्ज्वला प्रभाकर दाणी. पांडेसऱ्यातल्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका. पहिली ते सातवी मिळून साडेचारशे पोरं, त्यांतली चारशे तरी खानदेशातली. बाप डाईंगच्या मिलमध्ये, आई घरी बसून साड्यांचे दोरे कापते. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, भांडणात हिंदी, आणि माझ्यासमोर पुस्तकातली मराठी. माझा आवाज गेटपर्यंत जातो आणि माझा राग त्याच्याही पुढे, असं आमचा शिपाई म्हणतो. खोटं नाही.

मला वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचा नाद. शाळेमागच्या खाडीचं पाणी सोमवारी जांभळं आणि गुरुवारी हिरवं का असतं, बसथांब्यावर छप्पर का नाही, असल्या दोनशे पत्रांखाली माझं नाव छापून आलंय. पूर्ण नाव, गाव, पत्ता. कारण वाचकांच्या पत्रांच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत एक ओळ कायम असायची: निनावी पत्रांचा विचार केला जाणार नाही. ती ओळ मी वेदवाक्य मानली. पोरांनाही तेच शिकवलं. ज्याला आपलं नाव लिहायची भीती, त्याच्या बोलण्यात खोट आहे असं समजा, असं मी फळ्यावर खडू आपटून सांगत आले. सत्तावीस वर्षं सांगत आले, आणि स्वतःच्या अकलेवर एकदाही शंका घेतली नाही.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत आमच्याकडे कॉम्प्युटर आला. मुलगा अभिजीत अमेरिकेत, त्याचाच हट्ट. म्हणाला, "आई, पेपरवाले तुझी पत्रं कापतात ना? इथे कोणी कापत नाही." त्यानं मला एका मराठी मंडळींच्या ई-मेलच्या गटात घातलं. तीनशे माणसं. निम्मी अमेरिकेत, बाकीची पुण्या-मुंबईची. एकानं लिहिलं की ते तीनशे जणांना पोचायचं. सगळे मराठी लिहायचे, पण इंग्रजी अक्षरांत. पहिले आठ दिवस वाचताना मला वाटायचं, समोरचा तोंडात सुपारी धरून बोलतोय. मग सवय झाली. सवय कसली, चटकच लागली. रविवारी सकाळी पोळ्या आटोपल्या की मी त्या खुर्चीत, आणि आमचे हे, प्रभाकर, वर्तमानपत्र घेऊन मागच्या दिवाणावर. बँकेतला माणूस, हळू बोलणारा. माझ्या वाटचं शांत राहायचं कामही तेच करतात.

त्या दिवसांत गटावर वाद पेटला होता. मोठ्या कंपन्यांच्या हातात हे कॉम्प्युटर गेले तर साध्या माणसाचं भलं होईल की त्याच्या गळ्याला फास बसेल? पुण्यात सॉफ्टवेअरची कंपनी चालवणारा हा देवस्थळी त्यात सगळ्यांत पुढे. नाकाने कांदे सोलत लिहायचा. त्याचं म्हणणं असं: "मुकादम जात बघतो, गाव बघतो, आपला-परका बघतो. कॉम्प्युटर यातलं काही बघत नाही. कारखान्यात तो आला की पहिला फायदा गरिबाचा. विरोध करणाऱ्यांकडे भावना असतात, माहिती नसते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माहिती नसते? अरे, चारच दिवसांपूर्वी मी ती माहिती चहाबरोबर ऐकून आले होते.

झालं होतं असं. सातवीतली गायत्री सोनवणे तीन दिवस शाळेत आली नव्हती, म्हणून मी तिच्या घरी गेले. एक खोली, पत्र्याचं छत, बाजूच्या मिलची वाफ खिडकीतून आत. पोरीला ताप होता, बाकी काही नाही. तिची आई भागीरथी चहा टाकायला बसली आणि वडील वाल्मिक नुकताच पाळीवरून आला होता. जेट मशीनवर ऑपरेटर. उकळत्या रंगात कापड फिरवायचं ते मशीन. कोपरापर्यंत हात निळे. मी सहज विचारलं, "काय हो, चेहरा का पडलाय?" आणि तो माणूस भडभडा बोलायला लागला.

त्याच्या मशीनवरचा जोडीदार बन्सीलाल. त्यानं हातमोजे मागितले. तीनदा मागितले, चौथ्या दिवशी गेटवरच थांबवला. ठीक आहे, पांडेसऱ्यात मिला काय कमी आहेत? तो दुसरीकडे गेला. तिसरीकडे गेला. सगळीकडे एकच तऱ्हा. गेटवरचा बाबू नाव विचारणार, कॉम्प्युटरवर खटखट करणार आणि मान हलवणार, "नथी." अकरा मिला फिरून बन्सीलाल बायकापोरांसकट गावी गेला.

"त्या कॉम्प्युटरमध्ये नावं असतात, बाई," वाल्मिक म्हणाला. "जो तोंड उघडतो त्याचं नाव. आमच्या हापिसात एक काळी चपटी डबी आहे, फ्लॉपी म्हणतात. दर सोमवारी मलाच पाठवतात, ही बाजूच्या मिलमध्ये देऊन ये. मला काय ठाऊक आत काय आहे? बन्सीलाल गेल्यावर समजलं. माझ्या जोडीदाराचं नाव मीच माझ्या खिशात घालून पोचवलं."

एवढं बोलून तो भिंतीकडे बघत बसला. भागीरथी स्टोव्हजवळून म्हणाली, "आता पुरं करा." ते वाक्य माझ्यासाठी होतं. ज्याच्या कानात शिसं ओतलंय त्याला काय ऐकू येणार? माझ्या डोक्यात तेव्हाच पत्राचा मायना तयार होत होता.

त्या रविवारी मी गटावर लिहिलं. "माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी सांगितलेली हकीकत", अशी सुरुवात करून सगळं. तासाभरात देवस्थळीचं उत्तर. "एक विद्यार्थिनी, एक वडील, एक मिल. नाव नाही, गाव नाही. बाई शिक्षिका आहेत, निबंध छान जमलाय. पुरावा असेल तर द्या, नसेल तर हिला अफवा म्हणतात." खाली चारपाच जणांनी हसऱ्या तोंडाच्या खुणा टाकल्या. दोन टिंबं आणि एक कंस. जळो मेली ती खूण!

निबंध म्हणे. अफवा म्हणे. मला, जिनं जन्मात एक ओळ निनावी लिहिली नाही तिला!

मी लिहायला बसले. हे मागे येऊन उभे राहिले, चष्मा वर करून वाचू लागले. म्हणाले, "अगं, मिलचं नाव काय घालतेस? वकिलाची नोटीस येईल. बदनामीचा दावा लावतील. आपण नोकरदार माणसं." मी दहा मिनिटं वाद घातला, पण त्यांचं म्हणणं पटलं. मिलचं नाव खोडलं आणि तिथे लिहिलं, "पांडेसऱ्यातील एक प्रतिष्ठित मिल." प्रतिष्ठित! माझ्याच बोटांनी टाइप केलं मी.

आणि त्याखाली लिहिलं: वाल्मिक दगडू सोनवणे, मूळ राहणार अमुक गाव, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हल्ली मुक्काम पांडेसरा, जेट मशीन ऑपरेटर, अकरा वर्षं एकाच मिलमध्ये नोकरी, यांनी स्वतःच्या हातांनी ही फ्लॉपी नेऊन दिलेली आहे. इथे मी त्याचं खरं नाव दिलेलं नाही. तिथे दिलं होतं. गावासकट.

त्याला विचारलं होतं का? नाही. शाळेपासून त्याची खोली दहा मिनिटांवर. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि मला पत्र पाठवायचं होतं, म्हणून विचारलं नाही. कोणी मला भाबडी म्हणून सोडून देऊ नये यासाठी हे स्पष्ट लिहिते. शेठच्या नावाला धक्का लागू नये म्हणून आम्ही दोघं शिकली-सवरली माणसं दहा मिनिटं खल करत बसलो. वाल्मिकच्या नावासाठी दहा सेकंदही नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ना, तसं.

त्या पत्राला काय टाळ्या पडल्या म्हणता! शिकागोच्या एका डॉक्टरनं लिहिलं, दाणीबाईंना साष्टांग नमस्कार. कोणी लिहिलं, याला म्हणतात पुरावा. देवस्थळी गप्प. मी त्या दिवशी शिरा केला. ह्यांना म्हटलं, "बघा, दातखीळ बसली त्याची." एकदा नव्हे, तीनदा म्हटलं.

पुढच्या आठवड्याच्या मंगळवारी, मधल्या सुट्टीत वाल्मिक शाळेत आला. कामाची वेळ, अंगात मिलचे कपडे, हातात डबा. डबा भरलेला होता, हातात धरल्यावर जड दिसत होता. माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि माझ्याशी कधी बोलत नसे त्या अहिराणीत म्हणाला, "बाई, मन्हं नाव कोनी सांगं?"

मी म्हटलं, "बसा आधी. काय झालं?"

सकाळी त्याला मशीनवरून हापिसात बोलावलं. मॅनेजरच्या टेबलावर एक कागद. कॉम्प्युटरमधून काढलेला. मॅनेजर वाचत गेला आणि ह्याला एकेक शब्द ओळखू येत गेला. वाल्मिक. दगडू. शिंदखेडा. जेट. "ह्या कागदात बापाचं नाव कुठून आलं, बाई? मिलच्या हजेरीत माझ्या बापाचं नाव नाही. गावाचं नाही. ते फक्त शाळेत आहे. तुमच्या पुस्तकात." अकरा वर्षं, आणि दहा मिनिटांत त्याला गेटबाहेर काढला. जाताना बाबूनं सांगितलं, आता हजीऱ्यापासून भेस्तानपर्यंत कुठेही जा.

खोटं बोलता आलं असतं. गटावरच्या तीनशे लोकांत कोणीही असेल म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "मी सांगितलं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. मला शिव्या दिल्या असत्या, डबा फेकून मारला असता. त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग दाराबाहेरच्या, पहिलीच्या पोरांच्या बुटक्या बाकावर बसला आणि म्हणाला, "पण तुम्ही तर बाई आहात." एवढंच. घंटा झाली, पोरं आत आली, तो उठून गेला.

शाळा सुटल्यावर मी त्याच्या खोलीवर गेले आणि त्याला ओढतच बाहेर काढलं. म्हटलं, "चला. मी बघते कोण नाही म्हणतो ते." कसली ही मस्ती! दोन गल्ल्या सोडून एक मिल, बाहेर पाटी टांगलेली: ऑपरेटर पाहिजेत. गेटजवळच्या काचेच्या खोलीत बाबू, समोर कॉम्प्युटर. वाल्मिकनं नाव सांगितलं. खटखट. बाबूची मान हलली.

मी खिडकीत तोंड घातलं. "भाई, बाहेर पाटी कशाला लावलीय मग?"

"बेन, हूं शूं करूं?" तो बिचारा म्हणाला. "कम्प्युटर ना पाडे छे."

कम्प्युटर नाही म्हणतो! मी खिडकीतून हात घालून तो पडदा माझ्याकडे वळवला. बाबू ओरडला, पण मी वाचलं. वाल्मिकचं नाव, बापाचं नाव, तालुका, जिल्हा. जसंच्या तसं माझ्या पत्रातलं. तोपर्यंत त्या यादीत नुसती नावं आणि आडनावं होती, हे वरच्या ओळींवरून दिसत होतं. एका सोनवण्याऐवजी दुसरा सोनवणे म्हणून तरी माणूस कुठे शिरू शकला असता. माझ्या माणसाला मी तेवढीही फट ठेवली नव्हती. शेवटच्या रकान्यात शेरा होता, गुजरातीत: बाहेर बोलतो.

मी तिथे काय काय बोलले ते आठवत नाही. वॉचमन काठी घेऊन आला. "अरे, हा माणूस बोललाच नाही, मी बोलले! माझं नाव घाला त्यात! लिहा, उज्ज्वला दाणी!" असं काहीतरी मी किंचाळत होते. बाबू वाल्मिकला म्हणाला, "इसको ले जाओ भाई, तमाशा मत करो." आणि वाल्मिकनंच मला बाजूला घेतलं. ज्याची भाकरी गेली तो मला पाणी पाजत होता.

घरी येऊन मी गटावर लिहिलं. सगळं लिहिलं, शिव्या तेवढ्या गाळल्या. विचारलं, हा कागद मिलला कोणी पोचवला?

देवस्थळीचं उत्तर अगदी सभ्य होतं. "त्या भागातल्या मिलांचं सॉफ्टवेअर माझ्या कंपनीनं केलेलं आहे. ग्राहकाची अंतर्गत माहिती बाहेर जात असल्याचं मला दिसलं, मी ग्राहकांना कळवलं. कोणीही जबाबदार व्यावसायिक हेच करेल. नाव मी शोधून काढलेलं नाही, ते आपण दिलंत. आणि अशी काही यादी आहे असं मी कुठेही मान्य केलेलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी."

म्हणजे बघा. पुरावा द्या म्हणून मला डिवचणारा हा. पुरावा दिल्यावर तोच उचलून शेठच्या टेबलावर ठेवणारा हा. आणि वर नाव तुम्ही दिलंत! हलकट मेला! पण यातलं एक वाक्य खरं होतं. नाव मीच दिलं होतं.

मग गटाला ऊत आला. दोन दिवसांत एक्केचाळीस पत्रं. देवस्थळीचं वागणं नैतिक की अनैतिक? युरोपात कायदे काय आहेत? खाजगी माहिती कशाला म्हणावं? शिकागोच्या डॉक्टरनं तीन पानांचा विचार मांडला. एकानं सुचवलं, वाल्मिकचा फोटो आणि मुलाखत टाकून एक वेबसाइट काढू, जगभर गाजेल. अरे, गाजलाच आहे तो, म्हणून तर घरी बसलाय! एक्केचाळीस जणांत एकानंही विचारलं नाही की त्या घरात आज चूल पेटली का. मी लिहिलं, तुम्ही सगळे आणि तो देवस्थळी एकाच माळेचे मणी आहात. आणि माळेचा मेरुमणी मी. गटाचा जो कोणी प्रमुख होता, त्यानं जाहीर केलं की चर्चा वैयक्तिक पातळीवर घसरल्यामुळे हा विषय बंद करण्यात येत आहे.

दुसऱ्या दिवशी अभिजीतचा फोन. "आई, जरा शांत हो ना. देवस्थळींच्या कंपनीबरोबर आमचं काम चालू आहे. तू माझी आई आहेस हे सगळ्यांना माहीत आहे. माझं नाव खराब होतंय."

"सांभाळ बाबा," मी म्हटलं. "तुमचीच नावं सांभाळायची असतात." आणि फोन आपटला. पोटचा पोर, पण आपटला.

मी स्वस्थ बसले नाही. कामगार खात्याच्या कचेरीत गेले. साहेब चांगला होता, ऐकून घेतलं. म्हणाला, "कामगाराची लेखी तक्रार आणा, पूर्ण नावासकट, सहीसकट." मी वाल्मिककडे तो अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. "आता कुठेच नाव नको, बाई." बन्सीलालला शोधायचं म्हटलं तर तो म्हणाला, त्याला तरी जगू द्या. मी अर्ज फाडला. पहिल्यांदाच एखादा कागद मी न पाठवता फाडला.

दीड महिना तो माणूस हजीऱ्याच्या बाजूला रोजंदारीवर हमाली करत होता. ट्रकवाला नाव विचारत नाही, खांदा बघतो. पण वाल्मिकची पाठ अकरा वर्षं मशीनपुढे उभी राहिलेली, गोण्या उचललेली नव्हती. जूनमध्ये तो अंथरुणाला खिळला. परीक्षेपर्यंत गायत्री शाळेत यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. सातवीची परीक्षा पास झाली, तरी पुढच्या शाळेत घातलेली नव्हती. मी शाळेत ओरडणं बंद केलं. शिपाई मला विचारून गेला, बाई, बरं नाही का?

जुलैत एक दिवस भागीरथी आली. एकटी. डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी उठून उभी राहिले. ती खुर्चीवर बसली नाही.

"दाखला पाहिजे," ती म्हणाली. "गायत्रीचा. शाळेत शिकत होती असा."

"बोनाफाईड? देते ना. पुढच्या शाळेसाठी?"

"नाही. त्यांची पाठ आता जरा बरी आहे. भेस्तानला एक मिल आहे. मशीनवर माणूस घेतात. पण नाव-पत्त्याचा कागद मागतात." तिनं श्वास घेतला. "रेशनकार्ड गावाला आहे. खोली भाड्याची, लाइट बिल मालकाच्या नावावर. सुरतेत आमच्या नावाचा एकच कागद आहे, पोरीचा दाखला. त्याच्यात बापाचं नाव असतं ना."

मला कळलं नाही. म्हटलं, "अहो, पण वाल्मिकचं नाव तर..."

"त्यांचं नाव नाही घालायचं."

ती सांगत राहिली, खाली बघून, पाठ केल्यासारखं. भाऊबंदातला एक माणूस होता, सुकदेव सोनवणे. दोन वर्षांपूर्वी गावी गेला, परत आला नाही. तो कधी कुणाला काही बोललेला नाही. त्याचं नाव कुठल्या कॉम्प्युटरमध्ये नाही. भेस्तानला सुकदेव म्हणून उभं राहायचं. मुकादमाला ठाऊक आहे, त्याला नुसता कागद दाखवायला हवा.

शाळेच्या रजिस्टरमध्ये मी आजवर एक जन्मतारीख बदललेली नाही. नगरसेवक बसून गेले समोर, बदलली नाही. माझ्या सहीचा खोटा कागद म्हणजे नोकरी जाईल, पेन्शन जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि भागीरथीलाही ठाऊक होतं. ती मागायला आली नव्हती, वसूल करायला आली होती, आणि ते बरोबर होतं.

मी कपाटातून छापील फॉर्म काढला. पेन उघडलं. कु. गायत्री, एवढं लिहिलं आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "वडिलांचं नाव?"

आमच्या शाळेत नाव घालायला येणाऱ्या आया या प्रश्नाला कधी उत्तर देत नाहीत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. त्या लाजतात, पदर दाताखाली धरतात, पोराला कोपरानं ढोसतात, "सांग ना रे." पोरगं नाव सांगतं, मी लिहिते. गायत्रीच्या वेळीही असंच झालं होतं. आज ढोसायला शेजारी पोरगी नव्हती.

"बाई," भागीरथी म्हणाली, "त्यांचं नाव मी जन्मात दोनदा घेतलं. लग्नात एकदा, पोरीच्या बारशाला एकदा. तेही बायांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर बारा वर्षं मी ते नाव तोंडाबाहेर काढलं नाही. तुम्ही तीनशे लोकांत घेतलं."

माफी मागण्यासाठी तोंड उघडलं, तिनं हात वर केला.

"लिहा. सुकदेव."

स्पष्ट, मोठ्यानं. ना पदर तोंडाला, ना मान खाली. परक्याचं नाव घ्यायला कसली अडचण? मी लिहिलं. गायत्री सुकदेव सोनवणे. खाली सही केली. शिक्का मारला. तिनं कागद उचलला, शाईवर फुंकर घातली, वाचता येत नसताना डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि घडी घालून पोलक्यात ठेवला.

दारापर्यंत गेली आणि वळली.

"हे नाव तरी कुणाला सांगू नका, बाई."